पोटातलं पाणी

२ मार्च

आले बाई एकदाची सासरी! दोन बॅगा, साबणाच्या वड्यांचा एक खोका आणि ही वही. इतकी वर्षं साबणाच्या दुकानात काढल्यावर मालकीणबाईंनी निरोपालाही साबणच द्यावा, यात नवल काही नाही. पण इथल्या आवारात पाऊल टाकलं आणि वाटलं, बाईंना भविष्य कळत असावं.

ह्यांनी काही लपवलं नव्हतं. लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं की आमचा धंदा म्हातारी घोडी आणि गाढवं विकत घेण्याचा आहे. गाड्या ओढून, ओझी वाहून, खाणीतले दगड उपसून जी थकली, लंगडी झाली किंवा मेली, ती शेवटी आमच्याकडे येतात. कातडं खारवून विकायचं, हाडं आणि खूर सरसाच्या कारखान्याला द्यायचे, मांस पाळीव जनावरांच्या खाद्याला. मी तेव्हा तोऱ्यात म्हटलं होतं की मला माणूस पसंत आहे, वासाचं मी बघून घेईन. आता बघतेय! नाकाला रुमाल लावूनच हे लिहितेय.

घर मात्र छान आहे. मोठं स्वयंपाकघर, खिडकीशी ओटा, पाठीमागे विहीर. सासूबाई चणीने एवढ्याशा, पण दिवसभर पायाला भिंगरी. माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, ह्या हातांनी आजवर नुसता फेसच पाहिलेला दिसतोय. ह्यांचे थोरले भाऊ म्हणजे भावजी, ते सुरीचं काम करतात आणि बोलत जवळजवळ नाहीतच. आणि कुत्री! जिकडे बघावं तिकडे कुत्री. त्यातली सगळ्यांत म्हातारी, करड्या रंगाची, तिला सगळे ‘सरकार’ म्हणतात. ती आमच्या पलंगावर पायथ्याशी झोपते. ह्यांनी तिच्या नाकावर ओठ टेकवून विचारलं की नवी मालकीण पसंत आहे ना. मी हसले. पहिल्याच दिवशी कुत्रीवरून भांडण नको, एवढं शहाणपण मला आहे.

६ मार्च

ताटांचं लिहायलाच हवं, नाहीतर झोप लागणार नाही.

ह्या घरात जेवण झालं की उष्टी ताटं उचलून मोरीत नेत नाहीत. जमिनीवर ठेवतात. कुत्री येतात, चाटूनपुसून लखलखीत करतात आणि मग ती ताटं विसळली जातात. सासूबाई म्हणतात, पहिलं धुणं कुत्र्याचं, दुसरं पाण्याचं. मी कालपासून गुपचूप प्रत्येक ताट उकळत्या पाण्यातून काढतेय आणि माझ्या साबणाने घासतेय. सासूबाईंनी पकडलंच. रागावल्या नाहीत, पण एवढा साबण तर घोड्याला आंघोळ घालायलाही लागत नाही म्हणाल्या.

हे म्हणाले की दोघं भाऊ ह्याच ताटांत जेवून वाढले, काय वाईट झालं? असं म्हणून पोटावर टिचकी मारून दाखवली. अंगाने काठी, पण उजव्या बाजूला बरगडीखाली जरा पोट सुटलंय. मी म्हटलं, लग्नाचं सुख आधीच चढलं वाटतं. खूप हसले. हसताना हा माणूस फार गोड दिसतो.

१४ मार्च

आज सासूबाई शेडमध्ये घेऊन गेल्या. धंद्यातल्या माणसाने धंदा बघायलाच हवा, हे त्यांचं म्हणणं. बघितला. परत बघणार नाही.

एक गाढव उघडलेलं होतं. त्याचं काळीज, म्हणजे यकृत, भावजींनी फळीवर टाकलं. ते काळीज राहिलंच नव्हतं. त्यावर पांढरे, तुकतुकीत फुगे उगवले होते, काही लिंबाएवढे, एक तर माझ्या मुठीहून मोठा. बोट लावलं तर आत पाणी डचमळत होतं. फुप्फुसातही तेच. भावजींनी सुरी बाजूला ठेवली. फुगे हे सासूबाईंचं काम, त्यांना दुसरं कोणी हात लावत नाही.

सासूबाईंकडे एक जाड पोकळ सुई आहे, मागे रबरी नळी लावलेली. घोड्याचं पोट वाऱ्याने फुगलं तर टोचून वारा सोडायची असावी. त्या तिला दाभण म्हणतात. एकेका फुग्यात त्यांनी दाभण घातलं आणि पाणी बादलीत सोडलं. पाणी कसं, तर विहिरीचंही इतकं नितळ नसतं. तळाशी मात्र बारीक पांढरी वाळू बसली. मग रिकामा फुगा चिमटीत धरून ओढला, तर आतून पातळ सालीसकट आणखी बारके फुगे घरंगळत बाहेर आले. त्या फुग्यांनाही पिल्लं होती!

सासूबाई अभिमानाने सांगत होत्या. हा म्हणे रोग नव्हे. जनावर जन्मभर ओझं वाहतं, त्याचा सगळा घाम बाहेर येत नाही, राहिलेला आत मुरतो आणि त्याचं असं पाणी होतं. कामचुकार जनावराच्या पोटात फुगा सापडायचा नाही. दाभण मारलं की पाणी गेलं, पाणी गेलं की दुखणं गेलं. भावजी लहान असताना त्यांच्या पाठीचं गळूही त्यांनी ह्याच दाभणाने फोडलं होतं, आठ दिवसांत पोर खेळायला लागलं.

मग काळीज, साली, बारके फुगे सगळं कच्चंच कुत्र्यांपुढे गेलं. शिजवून घातलं तर कुत्रं सुस्तावतं म्हणे. बादली सरकारसमोर ठेवली. तिने वाळूसकट चाटून कोरडी केली, शेपूट हलवत आमच्याबरोबर घरात आली आणि ह्यांचं तोंड चाटलं. आणि ह्यांनी चाटू दिलं!

मी मिठाच्या ढिगामागे जाऊन ओकले. रात्री ह्यांनी जवळ घेतलं तेव्हा पाठ फिरवून झोपले. डोकं दुखतंय असं मी ह्यांना सांगितलं.

२० एप्रिल

माणूस कशालाही सरावतो, हे आजवर मी नुसतं ऐकत होते. आज दुपारी जेवण झालं, मी ह्यांच्याशी काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता ताट खाली ठेवलं. मीच. सरकारने चाटायला सुरुवात केल्यावर लक्षात आलं.

सासूबाईंनी पाहिलं आणि डोक्यावरून मायेने हात फिरवला. मला शिसारी आली ती कुत्रीची नाही, माझी. पण संध्याकाळी ताटं उकळायचा कंटाळा केला, तेही खरं आहे.

९ जून

ह्यांचं पोट म्हणजे सुटलेलं पोट नाही. आता हाताला नीट लागतं. उजवीकडे बरगडीखाली गोल, घट्ट, आणि बोटाने वाजवलं की आत काहीतरी थरथरतं. कूस बदलताना दुखतं. अंगावर खाजही सुटते. हे म्हणतात वारा धरलाय. मी म्हटलं, उद्या दवाखाना, आणि ह्यात सवलत नाही.

मला काय आठवतंय ते मी लिहिणार नाही.

१७ जून

लिहायलाच हवं.

मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर तो दिसला. गोल, काळा, आणि त्याच्या आत छोटे छोटे गोल. डॉक्टरबाईंनी तोंड उघडायच्या आधीच मी ओळखला.

बाई तरुण आहेत, पण समजावून सांगण्याची हातोटी चांगली. हा जंत आहे. फीतकृमी. कुत्र्याच्या आतड्यात तो एवढासा, तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, तिथून गवतावर, केसांवर, जिभेवर. घोड्या-गाढवाने ते गवत खाल्लं की अंडं आत शिरतं, काळजात घर करतं आणि त्याचा फुगा होतो. त्या पाण्यातली वाळू ही वाळू नसते, प्रत्येक कण म्हणजे एका जंताचं डोकं. कुत्र्याने असं काळीज खाल्लं की चक्र पुरं. माणूस त्यात चुकून सापडतो. लहानपणी केव्हातरी अंडं पोटात गेलं असेल, इतकी वर्षं मुकाट्याने वाढत राहिलं. बाई म्हणाल्या, जंताच्या हिशेबी माणूस म्हणजे गाढवच, फक्त बिनकामाचं, कारण माणसाचं काळीज कुत्रं खात नाही, त्याची वाट तिथेच संपते.

ह्यांनी तेवढंच धरलं. म्हणाले, बायको इतके दिवस गाढव म्हणायची, आज सरकारी शिक्का बसला. बाईसुद्धा हसल्या. मी नाही हसले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. अख्खा फुगा न फोडता काढायचा. तोवर मार लागू द्यायचा नाही, चोळायचं नाही, आणि काही झालं तरी टोचायचं नाही. आतलं पाणी पोटात सांडलं तर जीव जाऊ शकतो, वाचला तर प्रत्येक कणाचा नवा फुगा होतो. हे बाईंनी तीनदा सांगितलं.

१८ जून

घरात आज रण माजलं. मी कुत्री बाहेर काढली, पलंगावरची चादर जाळली, ताटं उकळली, भावजींना सांगितलं की आजपासून काळीज जाळायचं किंवा खोल पुरायचं. भावजींनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते त्यांनाच ठाऊक.

सासूबाईंना जंताचं सगळं सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता! शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझा मुलगा कष्टाळू आहे, त्याचं पाणी झालं, ह्यात जंत कुठून आला? एवढंसं पाणी काढायला पोट फाडायचं? मी पाया पडून सांगितलं की टोचायचं नाही. त्यांनी पाय मागे घेतले. ह्यांना ऑपरेशनची भीती वाटते, ते माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते.

२९ जून

झालं ते क्रमाने लिहिते.

दवाखान्यात न्यायचं सामान आणायला गावात गेले होते. परत आले तर स्वयंपाकघराच्या मध्यभागी चटई. हे चटईवर. उघडं पोट सपाट. बरगडीखाली एक लाल टिपका, त्यावर चुना. आणि हे हसत होते! म्हणाले, बघ, संपलं, मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही.

सासूबाई दाभण पुसत होत्या. शेजारी बादली. बादलीत सरकारचं तोंड.

ती चाटत होती. माझ्या नवऱ्याच्या पोटातलं पाणी. मी बादलीला लाथ मारली, पण ती रिकामी होती. तळाला एक कण उरला नव्हता.

मग हे म्हणाले की खाजतंय. बघता बघता अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शीळ वाजायला लागली. भावजींनी उचलून मांसाच्या गाडीत घातलं. त्या गाडीत, त्या वासात, मी ह्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नळी घातली. वाचले. आज तरी वाचले.

२ जुलै

ऑपरेशन झालं. जेवढं दिसलं तेवढं काढलं, धुतलं. डॉक्टरबाई माझ्यावर ओरडल्या, मी ऐकून घेतलं. पाणी आत सांडलंय. गोळ्या वर्षभर घ्यायच्या. आणि एक गोष्ट त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. ह्यांच्या शरीराला आता त्या पाण्याची ओळख पटली आहे. पुन्हा ते सांडलं तर गांधी उठायलाही वेळ मिळणार नाही. इंजेक्शन हातात असलं तरी भरवसा नाही.

कळलं म्हटलं. दहादा म्हटलं.

२३ ऑगस्ट

घरी आलो. भूक लागते, झोप लागते, पोट हलकं आहे. सासूबाईंचा चेहराच बोलतो: पाणी गेलं, दुखणं गेलं. हेही म्हणतात, किती वर्षांनी पोट असं मोकळं वाटलं, आईचा हातच वेगळा. मी ताट इतक्या जोरात आपटलं की कुत्री पळाली.

गोळ्या मात्र मी माझ्यासमोर गिळायला लावते.

५ नोव्हेंबर

सरकारला उन्हात झोपलेली बघितली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की माणसापाशी त्या जंताची वाट संपते.

ह्या घरात नाही संपली.

ती आता जिथे जिथे अंग घासेल, जे जे चाटेल, तिथे ह्यांच्या पोटातून निघालेली — नको. भावजींना म्हटलं, तिला लांब कुठे सोडून या. त्यांनी नेलं. संध्याकाळी ती परत आली, त्यांच्या आधी.

१२ फेब्रुवारी

बेंबीच्या डावीकडे एक. सुपारीएवढा.

मलाच लागला. ह्यांना सांगितलं नाही. अंगाला तेल लावते म्हणून सगळं पोट चाचपलं. अजून दोन. नाही, तीन.

३० मार्च

सोनोग्राफी. पडदा गच्च भरलेला. बाईंनी मोजायचं सोडून दिलं. फुप्फुसाखालीही आहेत. त्या शेडमधल्या फळीवर होतं ना, अगदी तसंच.

रात्री ह्यांच्या शेजारी झोपायची किळस वाटली. ह्यांची! ज्याच्यासाठी सगळा वास गिळला त्या माणसाची. जमिनीवर झोपले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

१९ मे

पोट ढोलासारखं. पाय काडी. श्वास अर्धाच. बसूनच झोपतात.

मोठ्या शहरातला सर्जन तयार झालाय. सोमवारी भरती. सोमवारपर्यंत धीर धरायचा, बस. एवढंच.

सासूबाईंनी दाभणाचं नाव काढलेलं नाही. त्या चटईवरच्या दिवसापासून त्यांचा हात कापतो. आज माझ्यापाशी येऊन रडल्या, म्हणाल्या की माझं चुकलं गं, मला वाटलं घाम —

मी त्यांना जवळ घेतलं नाही.

शुक्रवार

हे रात्रभर मागत होते. एकच टोच. फक्त वरचा, मोठा, जो छातीवर दाबतो. तेवढा सोड, श्वास येईल, सोमवारपर्यंत टिकेन.

नाही म्हटलं. सगळी रात्र नाही.

शनिवार, सकाळ

ओठ निळे. दवाखान्याची गाडी मागवली, गाडी दुसरीकडे गेलीय, दुपार होईल म्हणाले. मांसाची गाडी भावजी घेऊन गेलेत, लांब, घोडं आणायला. फोन लागत नाही.

हे आता मागत नाहीत. नुसते बघतात. ते जास्त —

शनिवार

दाभण उकळत ठेवलंय. तोवर लिहिते, म्हणजे हात स्थिर राहील.

सांडणार नाही. मागच्या वेळी सासूबाईंनी घाई केली असणार. नळी घट्ट धरायची, हळू सोडायचं. खाजेची गोळी आधीच दिली आहे, दोन दिल्यात. एकच फुगा. वरचा. पाणी गेलं की दुखणं गे

हे मी काय लिहितेय

सासूबाई दाराबाहेर रडताहेत. नको म्हणताहेत. नको गं, तुला डॉक्टरीणबाईंनी — आता सांगताहेत! दार आतून लावलंय.

गाडीचा आवाज आला असं वाटलं. नाही.

उकळलं. हात धुतले, दोनदा. हे हसले माझ्याकडे बघून, किती दिवसांनी. बादली मीच आणली, मीच घासली. किळस येईल वाटलं होतं. येत नाहीये. काहीच येत नाहीये, उलट हात इतके हलके — हाक मारताहेत — जागा ह्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली, बरगडीच्या खाली, तिथे कातडी इतकी ताणलीय की आतलं पाणी —